अब्बा बोटीवर असताना

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. दोघं म्हणजे मोठी बहीण आणि तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा भाऊ. कुठलं वाक्य कुणाचं ते विचारू नका. ज्या खेळाबद्दल लिहितोय तोही आम्ही असाच मिळून खेळलो. कॉम्प्युटर एक, हेडफोन एक, खेळणारे दोन. माऊस धाकट्याच्या हातात आणि हेडफोन आपाच्या कानाला. चालणारा वेगळा, ऐकणारी वेगळी.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. बोटीवर किंवा आखातात कुणीच नाही असं घर आमच्या मोहल्ल्यात शोधावं लागेल. आमचे दादा बोटीवर होते, अब्बाही बोटीवर, इंजिनात फिटर. जानेवारी २०२० मध्ये ते सिंगापूरला जाऊन बोटीवर चढले. कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं, म्हणजे ऑक्टोबरात घरी. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि बंदरांनी खलाशांना खाली उतरू देणं थांबवलं. बदली माणूस चढल्याशिवाय जुना उतरणार कसा? ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. वर्षाअखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही बोटींवर अडकले होते, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. त्या चार लाखांतला आम्हाला एकच ठाऊक होता. अम्मी दर सोमवारी कंपनीच्या ऑफिसात फोन करायची आणि "पुढच्या पोर्टला बघू" हे उत्तर ऐकून फोन ठेवायची.

त्याच डिसेंबरात एका ऑनलाइन दुकानाने 'एलियन: आयसोलेशन' हा खेळ चोवीस तासांसाठी फुकट ठेवला होता. धाकट्याने डिप्लोमाच्या अभ्यासासाठी सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला होता, त्याच्यावर तो चालेल असं त्याच्या मित्रांनी सांगितलं. घरातल्या सगळ्या फोनचं नेट जोडूनही तो उतरवायला आठवडा लागला. दादीने विचारलं, "एवढं काय आणताय?" आम्ही म्हटलं, "बोटीची गोष्ट आहे, दादी." तसं ते खोटंही नव्हतं.

गेम म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर बंदुकांची धडधड येते. या खेळाची जात निराळी. तिला सर्व्हायव्हल हॉरर म्हणतात. तुम्ही दुबळे असता, समोरचा बलवान असतो, औषध थोडं, गोळ्या थोड्या, उजेड त्याहून थोडा, आणि तेवढ्यात जीव वाचवायचा असतो. 'एलियन: आयसोलेशन' ऑक्टोबर २०१४ मध्ये आला. इंग्लंडमधल्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने तो बनवला आणि सेगाने विकायला काढला. त्याआधी ही मंडळी लढाया आणि साम्राज्यांचे खेळ करण्याबद्दल प्रसिद्ध होती, म्हणून त्यांच्याकडून असं काही येईल अशी फारशा कुणाची अपेक्षा नव्हती.

गोष्ट १९७९ च्या 'एलियन' या सिनेमाला जोडलेली आहे. त्या सिनेमात नोस्त्रोमो नावाच्या मालवाहू अंतराळयानावर एलेन रिप्ली नावाची अधिकारी असते. यानात एक भयंकर प्राणी शिरतो, बाकी सगळे मरतात, एलेन एका छोट्या यानातून निसटते आणि अंतराळात हरवते. खेळ सुरू होतो तो त्यानंतर पंधरा वर्षांनी. एलेनची मुलगी अमांडा आता मोठी झालेली आहे, इंजिनियर आहे. आईचं यान जिथे नाहीसं झालं त्याच भागात ती मुद्दाम काम करते. एक दिवस तिला खबर मिळते की नोस्त्रोमोची नोंदपेटी सापडली असून ती सेवास्तोपोल नावाच्या अंतराळस्थानकावर ठेवली आहे. अमांडा तिकडे निघते. पोचते तेव्हा स्थानक जवळजवळ ओसाड असतं, उरलेली माणसं एकमेकांवर बंदुका रोखून असतात आणि तोच प्राणी तिथेही शिरलेला असतो.

हे एवढं ऐकल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं होतं, हे कबूल करतो. बोटीवर गेलेलं माणूस, घरी वाट पाहणारी मुलगी, काही न सांगणारी कंपनी. खेळाचं नाव काहीही असो, घर ओळखीचं होतं.

आता त्याच्या गुणांविषयी. सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो प्राणी मरत नाही. बंदूक मिळते, पण तिच्याने त्याचं काही वाकडं होत नाही, उलट आवाजाने तो धावून येतो. पुढे आग फेकणारं एक यंत्र मिळतं, त्याने तो घटकाभर मागे हटतो, इतकंच. टेबलाखाली शिरायचं, लोखंडी कपाटात लपायचं, श्वास रोखायचा आणि तो निघून जाण्याची वाट बघायची. दुसऱ्या खेळांत शत्रू ठरलेल्या वाटेने फेऱ्या मारतो. चार वेळा पाहिलं की पाठ होतं. इथे तसं होत नाही. बनवणाऱ्यांनी त्याला जणू दोन मेंदू दिले आहेत. पहिल्याला तुम्ही कुठे आहात ते कायम माहीत असतं, पण तो फक्त अधूनमधून इशारा देतो की साधारण त्या बाजूला बघ. दुसरा त्या प्राण्याच्या अंगात असतो, त्याला काहीच माहीत नसतं; जे दिसेल, जे ऐकू येईल, त्यावरच तो शोधतो. त्यामुळे तो जवळ येतो खरा, पण दार उघडेल की पुढे जाईल, हे सांगता येत नाही. आम्ही एकाच खोलीत सहा वेळा मेलो आणि सहाही वेळा निराळ्या तऱ्हेने.

आणि आवाज! या खेळाला २०१५ साली ध्वनीसाठी ब्रिटिश अकादमीचा, म्हणजे बाफ्टाचा, पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. छतातल्या हवेच्या नळांतून सरपटल्याचा आवाज येतो, मग धप्प करून उतरल्याचा, मग फरशीवर जड पावलांचा. आपा डोळे मिटून ऐकायची आणि हलक्या आवाजात सांगायची, "वर आहे... अजून वरच आहे... उतरला. उजवीकडे. हलू नको." धाकटा जागच्या जागी गोठायचा. छताच्या एखाद्या भोकातून लाळ ठिबकताना दिसली तर त्याच्याखालून जायचं नाही, हे आम्ही दोनदा जीव देऊन शिकलो. हातात हालचाल दाखवणारं एक यंत्र असतं, त्यावर ठिपका येतो आणि टिक टिक वाजतं. पण ठिपका वरच्या मजल्यावरचा की याच मजल्यावरचा, हे ते सांगत नाही. शिवाय त्याच्याकडे बघत असताना समोरचं सगळं धूसर होतं, आणि प्राणी जवळ असेल तर ती टिकटिक त्यालाही ऐकू जाते. मदतीचं साधनच चुगली करतं. हे ज्याने सुचवलं त्याच्या अकलेला आमचा सलाम.

खेळाचा पाचवा भाग स्थानकाच्या दवाखान्यात आहे. अरुंद बोळ, विझत-पेटत असलेले दिवे, आणि एका डॉक्टरसाठी शोधून आणायचं एक कार्ड. तिथे आम्ही चार रात्री अडकलो. कारण इथे खेळलेल्याची नोंद, म्हणजे सेव्ह, बाकीच्या खेळांसारखी दर दोन मिनिटांनी आपोआप होत नाही. भिंतीवर जुन्या टेलिफोनसारखी एक पेटी असते. तिच्यापर्यंत जायचं, कार्ड घालायचं, एकामागून एक तीन दिवे लागेपर्यंत उभं राहायचं. त्या दोन-तीन सेकंदांत मागून पकडला गेलात तर सगळं गेलं. आमच्याकडे आणखी एक शत्रू होता, तो म्हणजे वीज. एका रात्री चाळीस मिनिटं जीव मुठीत धरून आम्ही त्या पेटीपाशी पोचलो, दोन दिवे लागले आणि गावाचे सगळेच दिवे गेले. अंधारात दोघंही इतके हसलो की अम्मी उठून आली.

आता त्या स्थानकाच्या रूपाबद्दल सांगितलंच पाहिजे. गोष्ट बाविसाव्या शतकातली, पण स्थानकावर गुळगुळीत पडदे नाहीत. जाडजूड कॉम्प्युटर, हिरवी अक्षरं, खटका दाबला की खट्ट वाजणारी बटणं, फिती. १९७९ च्या लोकांना भविष्य जसं दिसलं असतं तसंच दाखवायचं, असं बनवणाऱ्यांनी ठरवलं होतं. पडद्यावरची चित्रं थरथरावीत म्हणून त्यांनी ती खरोखरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटवर उतरवून परत घेतली. एकदा दुपारी आम्ही खेळत असताना दादी मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर अमांडा फितीचं यंत्र लावून कुणाचा तरी निरोप ऐकत होती. दादी म्हणाली, "हा तर आपला टेप." मग तिने कपाटातून कॅसेटची पिशवी काढली. दादा बोटीवर असताना पत्राऐवजी कॅसेट भरून गावच्या माणसाबरोबर पाठवायचे, हे आम्ही ऐकून होतो, पाहिली पहिल्यांदाच. घरातला टेप कधीच बंद पडलेला. मोहल्ल्यात तीन घरं फिरून एक चालणारा मिळाला. दादांचा आवाज आला, मागे इंजिनाची घरघर. पंधरा मिनिटांत बारा मिनिटं त्यांनी गावातल्या लोकांची नावं घेऊन सलाम सांगितले होते. दादी प्रत्येक नावाला "हां" म्हणत होती. त्या नावांतले बहुतेक आता नाहीत.

आता दोष. पहिला दोष लांबी. हा खेळ अठरा भागांचा आहे, अठरा-वीस तास सहज घेतो आणि त्याला एवढं आयुष्य पेलवत नाही. दहाव्या भागाच्या शेवटी अमांडा त्या प्राण्याला एका प्रयोगशाळेत कोंडते आणि ती प्रयोगशाळाच स्थानकापासून तोडून दिली जाते. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. इथे गोष्ट आटोपती घ्यायला हरकत नव्हती. पण नाही. पुढे स्थानकावरचे यंत्रमानव उलटतात, मग खाली अणुभट्टीपाशी त्या प्राण्यांचं अख्खं घरटंच निघतं. एक असताना जी भीती होती ती अनेक झाल्यावर राहत नाही. मधल्या काळात काम काय, तर इकडचा जनरेटर चालू कर, तिकडचा खटका ओढ, लिफ्ट बंद आहे म्हणून वळसा घाल, वळशावर पुन्हा जनरेटर. धाकटा तर म्हणाला, "आपल्याकडच्या वायरमनलाही एवढे खांब चढावे लागत नाहीत."

यंत्रमानव मात्र चांगले जमले आहेत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पांढरे रबरी चेहरे, लाल डोळे आणि ऑफिसातल्या काउंटरवर असतो तसा अदबशीर आवाज. गळा आवळतानाही ते तुम्हाला शांत राहायला सांगतात. अम्मीने एकदा तो आवाज ऐकला आणि म्हणाली, "असाच बोलतो तो सोमवारचा माणूस." पुढे खेळात कळतं की हे सगळं एका कंपनीच्या हुकमाने चाललं आहे, प्राणी मौल्यवान, तो सांभाळा, माणसांचं नंतर बघू. यावर अम्मी काही बोलली नाही.

दुसरा दोष माणसांचा. म्हणजे खेळातल्या माणसांचा. अमांडासोबत दोघं येतात, स्थानकावर मार्शल आहे, त्याचा मदतनीस आहे, यानाचे कप्तान आहेत. एकाचाही चेहरा आम्हाला नीट आठवत नाही. मरतात तेव्हा वाईट वाटायला हवं, पण ओळखच झालेली नसते. सॅम्युअल्स नावाचा एक सभ्य सोबती तेवढा लक्षात राहतो, आणि गंमत अशी की तो माणूस नाहीच, यंत्रमानव आहे. स्थानकावरचे अडकलेले लोक तर दिसताक्षणी गोळ्या झाडतात. भ्यालेला माणूस असं करतो, मान्य. पण सगळेच? आमच्या लॉकडाऊनमध्येही लोक भ्यालेले होते, काहींनी वेशीवर काटे टाकले, आणि त्याच लोकांनी रात्री तांदूळही पोचवले. असा एखादा तरी तिथे भेटायला हवा होता.

तिसरा दोष सगळ्यात खुपला. आई कुठे आहे? खेळ सुरू होतो तो आईच्या शोधासाठी. नोंदपेटी तशी लवकर सापडते, पण तिच्यातलं सगळं बिघडलेलं, वाचता न येणारं निघतं. त्यानंतर तासन् तास आईचं नाव नाही. मुलगी खटके ओढत फिरते. मग शेवटाजवळ कुठेतरी आईचा निरोप मिळतो. काय घडलं आणि आपण अजून घरी का पोचलो नाही, हे आई मुलीला सांगते. सिनेमात एलेन झालेल्या सिगर्नी वीव्हर यांनी स्वतः तो आवाज दिला आहे. निरोप लहान आहे, संपला की पुन्हा धावपळ. ज्यासाठी पंधरा वर्षं वाट पाहिली ते ऐकल्यावर माणूस दोन मिनिटं तरी खाली बसेल की नाही? खेळाने तिला बसू दिलं नाही. आम्हीच माऊस सोडून बसलो. आपाने हेडफोन काढून धाकट्याच्या कानाला लावला आणि म्हणाली, "तू ऐक, मी ऐकलं." पण निरोप पुन्हा ऐकायचा तर मागच्या पेटीपासून सगळं परत खेळावं लागणार होतं. खेळलो. पस्तीस मिनिटं लागली.

ज्यांनी १९८६ चा 'एलियन्स' हा पुढचा सिनेमा पाहिला आहे त्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते. एलेन सत्तावन्न वर्षं गाढ झोपेत तरंगत राहिल्यावर सापडते. तोवर तिची मुलगी म्हातारी होऊन वारलेली असते. अकराव्या वाढदिवसाला घरी येईन असं तिने मुलीला सांगितलेलं असतं. हा प्रसंग सिनेमाच्या पहिल्या आवृत्तीतून कापला होता, मोठ्या आवृत्तीत तो आहे. आईला मुलीचा म्हातारपणीचा फोटो दाखवतात, तो फोटो वीव्हर यांच्या खऱ्या आईचा आहे. म्हणजे आपण ज्या मुलीला सेवास्तोपोलच्या बोळांतून जपून नेतो, तिला आई कधीच भेटणार नाही, हे खेळ सुरू होण्याआधीच ठरलेलं आहे. धाकट्याला हे आधीच माहीत होतं. त्याने ते आपाला महिनाभर सांगितलं नाही.

एक चूक आमचीही सांगतो, कारण ती झाकून चालणार नाही. चाचांचा नऊ वर्षांचा मुलगा पडद्याआडून आमचा खेळ बघत असे, हे आम्हाला उशिरा कळलं. तोवर त्याने एकट्याने मोरीत जाणं बंद केलं होतं आणि रात्री दादीच्या पदराला गाठ मारून झोपत होता. चाचीने आम्हाला जे ऐकवलं त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. युरोपात या खेळाच्या डब्यावर '१८' असा आकडा छापलेला असतो, म्हणजे अठराच्या आतल्यांसाठी नाही. आमच्याकडे डबाच नव्हता. डिसेंबर २०२१ पासून तर हा खेळ मोबाइलवरही मिळतो. घरात कुणी खेळत असेल तर दाराला कडी घाला, आणि पडद्याला कडी नसते हे आमच्याकडून शिका.

अब्बा मार्च २०२१ मध्ये आले. चौदा महिन्यांनी. विमानतळ, तपासणी, मग वाडीतल्या खोलीत वेगळे राहिलेले दिवस. रोज खिडकीतून ताट जायचं आणि खिडकीतूनच गप्पा. घरात आल्यावर पहिले काही दिवस ते बोलायचे कमी आणि रात्री तीनला उठून बसायचे. इंजिनाचा आवाज नाही म्हणून जाग येते, असं म्हणायचे.

खेळाचा शेवटचा भाग आम्ही मुद्दाम ठेवला होता. अब्बा मागे खुर्ची ओढून बसले. त्या रात्री हेडफोन काढून ठेवला, आवाज खोलीभर सोडला. प्राण्याची त्यांना काही भीती वाटली नाही. त्यांचं लक्ष भलतीकडेच. "हा पंप आहे. बेअरिंग गेलंय त्याचं." "ही वाफ सुटतेय, गॅस्केट बदलायला हवी." एका ठिकाणी म्हणाले, "इथे माणूस ड्युटीवर हवा होता, कुणीच कसं नाही?" आम्ही म्हटलं, "सगळे मेले, अब्बा." ते म्हणाले, "हं."

शेवट आम्हाला आवडला नाही. स्थानक कोसळतं, अमांडा आपल्या यानावर पोचते आणि तिथेही तो प्राणी असतो. मग एवढ्या मेहनतीच्या खेळात शेवटी हातात काय उरतं, तर सांगितलेली बटणं दाबणं. ती अंतराळात फेकली जाते. पोशाखातच, एकटी, बेशुद्ध तरंगत. मग कुठूनतरी तिच्या चेहऱ्यावर प्रकाशाचा झोत पडतो, ती डोळे उघडते आणि नावांची यादी सुरू होते.

अब्बांनी विचारलं, "पुढे?"

"पुढे काही नाही. इथेच संपतं."

"उचलतं का हिला कुणी?"

"दाखवलं नाही."

ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. "बोटीची सर्चलाइट आहे ती," म्हणाले. "माणूस पाण्यात दिसला की आधी लाइट टाकतात, मग वळतात. वळायला वेळ लागतो." आणि चहा टाकायला सांगून बाहेर ओटीवर जाऊन बसले.